फुटबॉलच्या जोड्या लावा

अमेरिकेत मला फुटबॉलच्या कंपनीत नोकरी लागली, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा कोल्हापुरातून माझा थोरला भाऊ म्हणाला, "कुठल्या पोझिशनला खेळतीस?"

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि जिना उतरताना कठडा धरत होते. म्हटलं, "खेळत नाही दादा. शब्द लावते."

"फुटबॉलला शब्द कशाला लागत्यात? गोल झाला की वरडायचं, चुकला की शिव्या घालायच्या. झालं की!"

त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. माझा पुढे अकरा वर्षं चालला आणि गेल्या उन्हाळ्यात नोकरी सोडली तरी संपलेला नाही. शनिवार उजाडला की मला घरात एका जागी बसवत नाही. चहाचा कप घेऊन खिडकीशी जाते, परत येते, फोन बघते. बाराच्या सुमाराला मुलांच्या मॅचेस संपायच्या आणि मी लावलेले शब्द घरोघरी जायचे. ती वेळ अजून अंगात आहे. नवरा म्हणतो, "शुभा, बस ना जरा." बसते. दोन मिनिटांनी परत उठते.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना मी टीव्हीवर कॉमेंट्री करते असं वाटतं.

इथे गावोगावी लहान मुलामुलींचे फुटबॉल क्लब असतात. इथले लोक त्याला सॉकर म्हणतात; फुटबॉल म्हणजे त्यांच्याकडे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ. मी कोल्हापूरची आहे, त्यामुळे ह्या लेखात फुटबॉल म्हणजे फुटबॉलच. तर अशा क्लबांसाठी आमच्या कंपनीने एक ॲप काढलं होतं. बॉथेल नावाच्या गावात एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मॅच चालू असताना एखादा पालक फोनवर टिचक्या मारून माहिती भरायचा: गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, कुठून. शिट्टी वाजली की मिनिटभरात वर्तमानपत्रात येतो तसा मॅचचा रिपोर्ट सगळ्या घरांना जायचा. लिहायचं सॉफ्टवेअर. पण सॉफ्टवेअरला वाक्यं आणि शब्द कोणीतरी पुरवावे लागतात, आणि कुठला शब्द कधी वापरायचा त्याचे नियमही. ते सगळं पुरवणारी मी.

शब्द एकटे येत नाहीत, जोडीने येतात. आपल्याकडे पाऊस मुसळधार असतो, ऊन रणरणतं असतं. मुसळधार ऊन म्हणणारा माणूस बाहेरचा, हे आपल्याला लगेच कळतं. तसंच त्यांचं. थोडक्यात जिंकलात तर ती 'नॅरो विन', पण जोरदार जिंकलात तर 'वाइड विन' नाही, 'कम्फर्टेबल विन'. हरलात तर 'हेवी लॉस', पण जिंकलेलं कधी हेवी नसतं. कॉर्नर 'टेक' करतात, फाऊल 'कमिट' करतात, बॉल 'क्लिअर' करतात, आणि सोपी संधी घालवली तर ती 'गोल्डन चान्स' होती असं मागाहून म्हणतात. का, ह्याला उत्तर नाही. आहे हे असं आहे.

इथे जन्मलेल्यांना ह्या जोड्या दिसतच नाहीत, नाकावरचा चष्मा दिसत नाही तशा. मला दिसायच्या, कारण मला प्रत्येक जोडी पाठ करावी लागली होती. माझे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर होते, आई चौथी शिकलेली. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली आणि चढून थेट इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. शाळेत परीक्षेत 'जोड्या लावा' हा प्रश्न असायचा, त्यात माझे मार्क कधी गेले नाहीत. इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आले, काही वर्षं कामाची परवानगी नव्हती म्हणून घरी बसले, नंतर कम्युनिटी कॉलेजमध्ये पुन्हा शिकले. मुलाखतीला गेले तेव्हा आमचा बॉस डेल, अंगाने आडवा आणि मनाने सरळ माणूस, त्याने माझ्यापुढे रिकाम्या जागांचा कागद टाकला. 'द कीपर मेड अ डॅश सेव्ह.' मी एकेका जागेला तीन-तीन शब्द दिले आणि चौथा कुठे चालणार नाही तेही लिहिलं.

डेलने विचारलं, "हे तुला कुठून येतं?"

"ज्यांना फुकट मिळालं त्यांना विचारू नका," मी म्हटलं. "मी कमावलंय."

हे थोडं उद्धट झालं, पण नोकरी मिळाली.

गिऱ्हाइकं नमुनेदार असायची. पहिल्याच वर्षी टेक्सासमधल्या एका क्लबच्या बाई फोनवर तापल्या. त्यांच्या मुलींनी एकही गोल होऊ दिला नव्हता, म्हणून आमच्या रिपोर्टने 'क्लीन शीट' लिहिलं. मी इंग्लंडच्या पुस्तकांवर वाढलेली, तिथे हे गौरवाचे शब्द. बाई म्हणाल्या, "आमच्या मुली मैदानात चादरी धुवायला जात नाहीत." इथे त्याला 'शटआउट' म्हणतात. त्या आठवड्यात बसून मी 'ड्रॉ'चं 'टाय' केलं, 'पिच'चं 'फील्ड' केलं आणि 'टू-निल' पार हद्दपार केलं.

ओहायोतल्या एका कोचची टीम नऊ-शून्य हरली. त्याची विनंती: 'हेवी लॉस' नको, 'नॅरो लॉस' लिहा.

"सर, नऊ गोल नॅरो कसे होतील?"

"पहिली दहा मिनिटं नॅरोच होतं, मॅम."

माणूस रडकुंडीला आला होता. मी नियम मोडत नाही, पण नियमाच्या आत फट शोधू शकते. 'बॅटल्ड टू द फायनल व्हिसल' ही जोडी दिली. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्या मुली मैदानात होत्या, हे तर खरंच होतं ना.

आणि आयसेलिनचे एक डॉक्टरकाका. निवृत्त, नातवाचा प्रत्येक रिपोर्ट छापून फाइलला लावणारे. कुठून तरी माझा नंबर मिळवून त्यांनी फोन केला. "अहो ताई, आमच्या अर्णवला 'क्लिनिकल फिनिश' का मिळत नाही? त्या दुसऱ्या मुलाला दोनदा मिळालं."

"काका, क्लिनिकल म्हणजे एकाच फटक्यात, न चुकता. अर्णवने पाच वेळा मारून एक घातला."

"मला क्लिनिकल शिकवू नका. मीपण पाच औषधं देऊन एक लागू पडायचं!"

 

हे सगळं गमतीचं सांगून मी थांबू शकले असते. संपादकांनीही म्हटलं होतं, हलकंफुलकं लिहा. पण हलकंफुलकं लिहायला घेतलं की मधेच उठून फेऱ्या मारते आहे, तेव्हा ईशाचं सांगूनच टाकते.

ईशा ही माझ्या मैत्रिणीची, वैशालीची मुलगी. वैशाली नागपूरची, तिचा नवरा संदीप पुण्याचा. तो रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. आमची घरं दहा मिनिटांवर. ईशा चौदा वर्षांखालच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर होती. तेरा वर्षांची, काटकुळी, हातमोजे तिच्या हातांपेक्षा मोठे. मला शुभा मावशी म्हणायची आणि माझ्याशी मराठी बोलायची, म्हणजे मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सुरू करून मराठीत संपवायची. त्यांचा क्लब आमचं ॲप वापरायचा आणि त्यांच्या टीमची माहिती भरायचं काम संदीपने आपणहून घेतलं होतं. मी दर दोन-तीन शनिवारी मॅच बघायला जायचे. पावसात छत्री धरून संदीपशेजारी उभी राहायचे. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष मॅचमध्ये आणि अर्धं रिपोर्ट कधी येतो ह्यात असायचं.

ऑक्टोबरात वैशालीचा फोन आला. "अगं, ईशा बाबाशी बोलतच नाही. त्याच्या गाडीत बसत नाही, मलाच सोडायला लावते. आणि आता म्हणते गोलकीपर राहायचं नाही. कोचला स्प्रिंगच्या टीमचं हो-नाही कळवायचंय. तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकते ती."

"संदीप काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? टीनएज, टीनएज करतो आणि लॅपटॉप उघडतो."

प्रॅक्टिसनंतर मी ईशाला घ्यायला गेले. गाडीत बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मी आडून आडून विचारत होते, तर तिने सरळ फोन माझ्यापुढे धरला.

"बाबा लिहितो हे. एव्हरी वीक. त्याला वाटतं मला माहीत नाही की तोच डेटा भरतो."

स्क्रीनवर सप्टेंबरपासूनचे रिपोर्ट होते. तिने बोटाने सरकवत दाखवले. 'अ कॉस्टली गोलकीपिंग एरर.' पुढच्या आठवड्यात 'अ डिफेन्सिव्ह लॅप्स बाय द कीपर'. त्याच्या पुढे पुन्हा 'कॉस्टली'.

"घरी येऊन म्हणतो, गुड जॉब बेटा. अँड देन ही राइट्स धिस. सगळी टीम वाचते, मावशी."

ती वाक्यं माझी होती. नुसते शब्द नाहीत, त्यांचा क्रमसुद्धा. 'कॉस्टली'च्या मागे 'अ' ठेवायचा की 'दॅट' ह्यावर मी एक अख्खा दिवस घालवला होता. मी ईशाकडे बघितलं आणि म्हणाले, "सीटबेल्ट लाव." बस. तेवढंच म्हणाले. घरी सोडलं, तिच्या आईला हात केला आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आतली माहिती उघडून बघितली. तिथे मला माझी चूक सापडली. ही चूक फक्त माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो, म्हणून नीट सांगते.

आपल्या टीमने गोल केला की संदीप सगळं भरायचा: कोणी दिला पास, डाव्या पायाने की उजव्या, बॉक्सच्या, म्हणजे गोलपुढे आखलेल्या चौकोनाच्या, आतून की बाहेरून. आनंदाने बोटं चालायची. आपल्यावर गोल झाला की फक्त ओके दाबायचा. एकाही रकान्याला हात नाही. त्या रकान्यांत मग आधीपासून जे भरलेलं असायचं तेच जायचं. आणि आधीपासून भरलेलं होतं: 'बॉक्सबाहेरून. कोणाला लागून नाही.' म्हणजे लांबून मारलेला सरळ शॉट. आणि लांबचा सरळ शॉट आत गेला तर चूक गोलकीपरची, असा नियम मी मोठ्या माणसांच्या मॅचेस वाचून वाचून बनवला होता. चौदा वर्षांखालच्या मुली मोठ्यांच्याच मापाच्या, आठ फूट उंच गोलमध्ये उभ्या राहतात, हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. नियम लिहिताना आठवलं नाही.

पण ते रकाने आधीपासून भरलेले का होते? कारण मीच ते मागून घेतले होते. रकाना रिकामा राहिला तर वाक्य लंगडायचं. 'स्कोअर्ड विथ अ शॉट.' कसला शॉट? जोडीच नाही. मला ते सहन होईना. मी इंजिनिअरच्या टेबलाशी जाऊन हट्ट धरला की काहीतरी भरून ठेव. 'लाँग-रेंज शॉट' ही सुंदर जोडी आहे, तीच ठेव. त्याने विचारलंही होतं, "आणि तसं झालं नसेल तर?" मी म्हटलं होतं, "पालक दुरुस्त करतील."

आणखी एक सांगते, हे सांगायला सगळ्यात जड जातं. त्यातल्या एका मॅचला मी हजर होते. शॉट सहा पावलांवरून आला होता, तोही आमच्याच मुलीच्या नडगीला लागून वळून. ईशाला काहीही करता आलं नसतं. मी छत्रीखालून बघितलं. वीस मिनिटांनी गाडीत बसून मी रिपोर्ट वाचला, 'अ कॉस्टली गोलकीपिंग एरर', आणि मनात म्हटलं, वाक्य छान चाललंय.

डेलला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, टेबलावर दोन बोटं वाजवली. दोन दिवसांत नियम बदलला. सोळा वर्षांखालच्या कुठल्याही गोलकीपरला 'एरर', 'लॅप्स', 'ब्लंडर' ह्यांतलं काही लागणार नाही, आणि रकाने रिकामे राहिले तर राहू देत, वाक्य लंगडलं तर लंगडू दे. आजही ते तसंच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. जाता जाता डेल म्हणाला, "त्या कुटुंबाशी बोलू नकोस. प्रॉब्लेम फिक्स्ड."

मला बोलायचं नव्हतंच. डेलचं नाव पुढे करून मी तीन आठवडे गप्प बसले. तीन शनिवार. एकाही मॅचला गेले नाही. घरभर फिरत राहिले. कपाटं आवरली, आवरलेली परत आवरली. कारण हे: बॉथेल-रेडमंडच्या आमच्या सगळ्या मराठी मंडळींत मी इंग्रजीवाली. कोणाच्या मुलाचा कॉलेजचा निबंध असो की कोणाला एचआरला पत्र लिहायचं असो, 'शुभाताईंना दाखव.' ही सगळी इंजिनिअर, डॉक्टर मंडळी, ज्यांच्या घरात आजोबाही शिकलेले. त्यांनी भट्टीवरच्या माणसाच्या मुलीला इंग्रजी विचारावं, हे माझं खरं पदक होतं. ते काढून ठेवायला हात होत नव्हता. आणि तोवर तिकडे एक मुलगी स्वतःच्या बापाला खोटारडा समजत होती.

शेवटी वैशालीचाच मेसेज आला. 'उद्या कोचला सांगायचंय. ती नाही म्हणतेय. संदीपशी अजून बोलत नाही.' रविवारची दुपार होती. मी गाडी काढली. त्यांच्या दारापर्यंत जाऊन एकदा पुढे गेले, वळून परत आले.

किचनमध्ये तिघंही होती. संदीप भांडी पुसत होता, ईशा टेबलाशी सीरियल खात होती, दुपारी तीन वाजता. वैशालीने चहा टाकला. मी म्हटलं, "चहा नंतर. बसा सगळे." आणि उभ्याउभ्या सांगितलं. रकाने, ओके, लाँग-रेंज शॉट, माझा हट्ट. "ईशा, ते शब्द बाबाचे नव्हते. माझे होते. बाबाने फक्त बटण दाबलं."

फडकं हातात घेऊन संदीप म्हणाला, "म्हणजे ते मी... ते माझ्यामुळे असं यायचं? मला वाटलं ॲपच लिहितं. मी तर वाचायचो पण नाही, आपण हरलेल्या मॅचचे."

ईशाने चमचा ठेवला. तिने बापाकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ. "यू जस्ट प्रेस्ड ओके? तू बघितलंच नाहीस, कसा झाला गोल?"

"नाही बघवायचं गं."

"व्हॉट डज दॅट मीन?"

"अगं, बॉल आत गेला की तू अशी वळून जाळीतून तो काढायला जायचीस. खाली मान घालून. मला नाही बघवायचं. मग मी फोनमध्ये बघायचो. ओके दाबायचो. संपलं म्हणायचो."

वैशाली म्हणाली, "धन्य आहे तुमची. मी समजतेय दोघांचं काय मोठं भांडण झालंय!"

ईशा मात्र हसली नाही. मला वाटलं होतं, खरं कळलं की ती बापाच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. एक आरोप गेला होता, पण त्याच्या जागी दुसरा आला होता: बाबाने बघितलंच नाही. आणि माझ्यावरचा तर वेगळाच.

"मावशी, तू होतीस ना त्या शिन वाल्या गोलला? मॅडीच्या शिनला लागून आलेल्या?"

"होते."

"देन यू न्यू."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "मला माहीत होतं. मी वाचलं आणि दुरुस्त नाही केलं."

तिने दुधाचा वाडगा बाजूला सरकवला. मग विचारलं, "कॅन इट बी चेंज्ड?"

करता येत होतं. डेटा भरणाऱ्या पालकाला सीझन संपेपर्यंत जुन्या मॅचची माहिती दुरुस्त करता यायची. सेव्ह केलं की नवा रिपोर्ट निघून सगळ्यांना परत जायचा. मी तसं सांगितलं. ईशा उठली, खुर्ची ओढून संदीपशेजारी बसली आणि म्हणाली, "फोन काढ."

मग त्या दोघांनी सप्टेंबरपासूनचे गोल एकेक करून काढले. ती सांगायची, तो भरायचा. तिला सगळे आठवत होते, सगळे. कुठून आला, कोणी मारला, त्या मुलीच्या पायात कसले बूट होते, वारा कुठून होता. "इनसाइड द बॉक्स. डिफ्लेक्शन, मॅडी." टिचकी. "कॉर्नर. हेडर. ती सेव्हन फूट आहे, बाबा, आय स्वेअर." टिचकी. "फ्री किक. वॉल हललीच नाही." संदीप प्रत्येक गोलला विचारत होता, "मग तू कुठे होतीस? उजवीकडे?" आणि ती खुर्चीतच हात पसरून दाखवत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. मला बसायला कोणी सांगितलं नाही आणि मी बसलेही नाही. चहा उकळून आटला.

मधेच ती म्हणाली, "नेक्स्ट सीझन तू डेटा करू नको. दुसऱ्या कोणाला सांग. तू नुसता बघ."

"नेक्स्ट सीझन?" वैशालीने ओट्याकडून विचारलं, आवाज अगदी साधा ठेवून.

"मॉम. डोंट मेक इट अ थिंग."

वैशाली भांड्याकडे वळली. तिचे खांदे सैलावलेले मला दिसत होते.

शेवटची एक मॅच राहिली. पावसातली, एक-शून्यने हरलेली. मी नव्हते तिला. संदीपने विचारलं, "हा कुठून?"

ईशाने खुर्ची मागे सारली. "हा आउटसाइड द बॉक्स."

"कोणाला लागून?"

"नो. सरळ आला." मग उठलीच ती, फ्रिजपुढे जाऊन उभी राहिली, हा गोल समजा. "मी पुढे आले, अशी. मग वाटलं नको, म्हणून मागे गेले. मध्येच अडकले. कोच म्हणतात, नेव्हर डू दॅट. एकतर ये, नाहीतर थांब. बॉल असा डोक्यावरून." तिने वर बघत हात उंचावला, बोटं हवेत राहिली. संदीप तिच्याकडे बघत होता. नजर हलवली नाही त्याने.

त्याचा अंगठा सेव्हवर होता. मी म्हटलं, "काही बदललं नाहीस तरी नुसतं सेव्ह कर. नवा नियम लागेल, ते वाक्य जाईल." आणि जुन्या सवयीने पुढे बोलून गेले, "'अनलकी बाउन्स' येईल त्या जागी. किंवा मी डेलला सांगून आणखी चांगली जोडी—"

"नको," ईशा म्हणाली. "बाबा, दाबू नको."

"अगं पण 'कॉस्टली एरर' लिहिलंय तिथे," मी म्हटलं.

"आय नो. वन-नथिंग हरलो आम्ही. इट वॉज कॉस्टली." तिने फ्रिज उघडून दुधाचा कॅन आत ठेवला. "दॅट वन इज राइट, मावशी. हा माझाच आहे."

अकरा वर्षांत खेळणाऱ्याने मला जोडी बरोबर लागली म्हणून सांगितलं, ते एवढं एकदाच.